अमेरिकेत इन्कम टॅक्स ‘ऐच्छिक’ आहे का? पगारदार ग्रीन कार्डधारकासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत नोकरी, नुकतंच ग्रीन कार्ड मिळालेलं, नवरा-बायको दोघांनाही डब्ल्यू-२ (पगार आणि करकपातीचा वार्षिक दाखला). ऑफिसातला सहकारी म्हणतो की इन्कम टॅक्स भरायला लावणारा कायदाच अमेरिकेत नाही, इन्कम टॅक्सबाबतची सोळावी घटनादुरुस्ती नीट मंजूर झालेली नाही आणि पगार म्हणजे ‘उत्पन्न’ नव्हेच. त्याने डब्ल्यू-४ वर, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते एम्प्लॉयरला सांगणाऱ्या फॉर्मवर, ‘एक्झेम्प्ट’ (कर कापू नका) लिहिलंय आणि आदल्या वर्षी कापलेला सगळा कर आयआरएसकडून, म्हणजे संघीय कर खात्याकडून, परतही मिळवलाय. यात तथ्य किती, आणि आपण तसं केलं तर काय होईल?

कर बंधनकारक आहे. कायदा लेखी आहे, शंभर वर्षांत त्याचा कीस सुप्रीम कोर्टापर्यंत पाडून झालाय, आणि सहकाऱ्याच्या खात्यात जमा झालेला तो परतावा अजून त्याचा झालेला नाही. पण एवढ्यावर भागत नाही. कर ऐच्छिक म्हणणाऱ्या मंडळींनी दिलेले कलमांचे आकडे खरे असतात, कोर्टाची वाक्यंही खरी असतात. गोम असते ती वाक्यं कुठून उचलली यात. म्हणून एकेक मुद्दा मुळापासून पाहू, आणि मग खिशाचं काय होतं ते.

‘कायदा दाखवा’ म्हणणाऱ्याला इंटर्नल रेव्हेन्यू कोडची (संघीय कर कायद्याची) पाच कलमं दाखवायची. कलम १ करपात्र उत्पन्नावर कर बसवतं. कलम ६१ ढोबळ उत्पन्न म्हणजे काय ते सांगतं, आणि त्याच्या यादीत पहिलीच नोंद सेवेच्या मोबदल्याची आहे. कलम ६३ त्यातून वजावटी काढून करपात्र रक्कम ठरवतं. कलम ६०१२ रिटर्न कोणी भरायचं ते सांगतं, आणि कलम ६१५१ म्हणतं की रिटर्न भरणाऱ्याने कुणाच्या मागणीची वाट न बघता ठरलेल्या तारखेला पैसे भरायचे. ‘प्रत्येक नागरिकाने कर भरावा’ असं एकच सणसणीत वाक्य कुठेच नाही, आणि कर भरू नका सांगणाऱ्या व्हिडिओवाल्यांचं फावतं ते तिथेच. कर बसवणं, मोजणं, रिटर्न, भरणा आणि शिक्षा वेगवेगळ्या कलमांत असणं ही कर कायद्यांची नेहमीची मांडणी आहे. भारताच्या १९६१ च्या कायद्यातही आकारणी कलम ४ मध्ये, रिटर्न कलम १३९ मध्ये आणि स्वतःहून भरायचा कर कलम १४०अ मध्ये होता. त्यावरून तिथे कायदाच नाही असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

याच रांगेतला जरा हुशार मुद्दा असा की टायटल २६, म्हणजे संघीय कायदेसंग्रहाचा करविषयक भाग, ‘पॉझिटिव्ह लॉ’ नाही, म्हणजे ते टायटल म्हणून काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) मंजूर केलेलं नाही. हे तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण टायटलमध्ये जो मजकूर छापलाय तो काँग्रेसने १६ ऑगस्ट १९५४ रोजी इंटर्नल रेव्हेन्यू कोड या स्वतंत्र कायद्याच्या रूपात मंजूर केला, आणि १९८६ च्या सुधारणेत त्याचं नाव बदलून १९८६ चा कोड झालं. टायटल ही त्या कायद्याची छापील मांडणी. मूळ कायदा ‘स्टॅच्यूट्स अ‍ॅट लार्ज’ या मंजूर कायद्यांच्या अधिकृत संग्रहाच्या खंड ६८अ मध्ये जसाच्या तसा आहे.

‘ऐच्छिक’ हा शब्द येतो सुप्रीम कोर्टाच्या १९६० च्या फ्लोरा खटल्यातून. आपली करव्यवस्था जप्तीवर उभी नसून स्वेच्छेने केलेल्या आकारणीवर आणि भरण्यावर उभी आहे, अशा अर्थाचं वाक्य त्या निकालात खरोखरच आहे. अर्थ एवढाच की सरकार घरोघरी येऊन हिशोब करत नाही. हिशोब तुम्ही करता, तुम्हीच आकडा कळवता, तुम्हीच भरता. गंमत म्हणजे फ्लोराचा खरा निकाल काय लागला हे ते वाक्य उचलणारे कधी सांगत नाहीत. निकाल असा: परताव्यासाठी डिस्ट्रिक्ट कोर्टात जायचं तर आयआरएसने काढलेली सगळी रक्कम आधी भरा, अर्धी भरून चालणार नाही. कर ऐच्छिक असल्याचा पुरावा म्हणून ज्या निकालाकडे बोट दाखवतात, तोच ‘आधी पूर्ण भरा, मग भांडा’ म्हणणारा आहे.

आता सोळावी दुरुस्ती. इथे जरा थांबायला हवं, कारण हा मुद्दा सगळ्यात जास्त फिरतो आणि पगारदाराच्या सगळ्यात कमी कामाचा आहे. यादवी युद्धाच्या काळात, १८६१ मध्ये, पहिला संघीय इन्कम टॅक्स आला आणि १८७२ मध्ये गेला. त्या करावर इलिनॉयच्या स्प्रिंगर नावाच्या वकिलाने खटला भरला. त्याचं उत्पन्न वकिलीचं आणि रोख्यांच्या व्याजाचं. १८८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कर वैध ठरवला. तेव्हा सोळावी दुरुस्ती कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पुढे १८९४ चा कर, ४,००० डॉलरांवरच्या उत्पन्नावर २ टक्के, १८९५ च्या पोलॉक खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. पण का? भाडं, व्याज, लाभांश यांसारख्या मालमत्तेच्या उत्पन्नावरचा कर हा ‘प्रत्यक्ष कर’ असून तो राज्यांच्या लोकसंख्येप्रमाणे वाटून घ्यायला हवा, असं कोर्टाने म्हटलं म्हणून. धंदा आणि नोकरी यांतल्या उत्पन्नाबद्दल आपण प्रतिकूल काही म्हणत नाही, हे त्या निकालातच नोंदवलंय. संपूर्ण कायदा पाडला, कारण मालमत्तावाल्यांना वगळून उरलेला बोजा एकट्या नोकरदार-व्यावसायिकांवर पडला असता. सोळाव्या दुरुस्तीने लोकसंख्येप्रमाणे वाटणीची ती अट काढली. म्हणजे उद्या एखाद्या कोर्टाने ही दुरुस्ती अवैध ठरवली, तरी सुटेल तो भाडं-लाभांशवाला. डब्ल्यू-२ वाला जिथे आहे तिथेच राहील.

आणि दुरुस्ती अवैध ठरण्यासारखंही काही नाही. काँग्रेसने ती १९०९ मध्ये राज्यांकडे पाठवली. ४८ पैकी ३६ राज्यं लागत होती. ३ फेब्रुवारी १९१३ ला ती संख्या पूर्ण झाली, २५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी जाहीर केलं, आणि पुढे एकूण ४२ राज्यांनी मान्यता दिली. आक्षेप असा की राज्यांच्या ठरावांत स्वल्पविराम, मोठी-छोटी अक्षरं, एकवचन-अनेकवचन असे फरक होते. फरक होते, हे खरं. नॉक्स यांच्या खात्यातल्या कायदेशीर सल्लागाराने ते तेव्हाच टिपले होते, आणि चौदाव्या दुरुस्तीच्या वेळीही असेच फरक होते हेही दाखवलं होतं. सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने १९८६ मध्ये थॉमस खटल्यात हा मुद्दा निकालात काढला. ओहायो १९५३ पर्यंत रीतसर राज्यच नव्हतं, हा त्याचा धाकटा भाऊ. ओहायो वजा केलं तरी ३६ हून जास्तच उरतात.

‘पगार म्हणजे उत्पन्न नव्हे’ या मुद्द्याचं गणित असं: मी ५० डॉलरांचा वेळ दिला, ५० डॉलर घेतले, नफा शून्य. ऐकायला बरं वाटतं. पण विक्रीतून वजा करायची ती खरेदी किंमत, म्हणजे त्या वस्तूसाठी तुम्ही मोजलेले पैसे; कलम १०१२ तेच सांगतं. तुमच्या तासासाठी तुम्ही कुणाला काही मोजलेलं नसतं, म्हणून वजा करायला शून्य आणि उत्पन्न ५०. शिवाय १९५५ च्या ग्लेनशॉ ग्लास निकालाने उत्पन्नाची जी कसोटी घातली, म्हणजे संपत्तीत निर्विवाद भर, ती हातात आलेली आणि तिच्यावर पूर्ण ताबा असलेला, तिच्यात पगार न बसण्यासारखं काही नाही.

कलम ८६१ चा मुद्दा हिशोबनीस आणि आयटीवाल्या मंडळींना जास्त भुरळ घालतो, कारण तो नियमांच्या पोटात शिरून वाचावा लागतो. दावा असा की अमेरिकी नागरिकाचं देशांतर्गत उत्पन्न त्या नियमांच्या यादीत नाही, म्हणून त्यावर कर नाही. मुळात ८६१ हे कलम कर बसवण्यासाठी किंवा सूट देण्यासाठी नाहीच. उत्पन्नाचा उगम अमेरिकेत की बाहेर, हे ठरवायला ते आहे. अनिवासी परदेशी माणूस आणि फॉरेन टॅक्स क्रेडिट (परदेशात भरलेल्या कराची सवलत) यांच्यासाठी ते लागतं. आणि त्याच कलमाच्या पहिल्या उपकलमात, तिसऱ्या क्रमांकावर, अमेरिकेत केलेल्या श्रमाचा आणि सेवेचा मोबदला अमेरिकी उगमाचं उत्पन्न म्हणून स्वच्छ नोंदलाय. अभिनेता वेस्ली स्नाइप्स याच युक्तिवादाच्या नादी लागला होता. २००८ मध्ये फ्लोरिडात ज्युरीने त्याला कटाच्या आणि खोट्या दाव्याच्या मोठ्या आरोपांतून सोडलं. सुटकेचा हा भाग प्रचारात येतो. रिटर्न न भरल्याचे तीन गुन्हे मात्र शाबीत झाले, प्रत्येकी १ वर्ष धरून ३ वर्षांची शिक्षा झाली आणि डिसेंबर २०१० मध्ये तो तुरुंगात दाखल झाला.

बाकीचे मुद्दे भराभर. ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत ‘यात सरकारी अधिकाऱ्यांचा समावेश होतो’ असं आहे म्हणून खासगी नोकर सुटतो? कलम ७७०१ सांगतं की ‘समावेश’ या शब्दाने इतर कुणी वगळलं जात नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, या पाचव्या दुरुस्तीखाली रिटर्नच भरायचं नाही? १९२७ च्या सलिव्हन खटल्यात चोरून दारू विकणाऱ्यालाही रिटर्न भरावंच लागेल असं कोर्टाने ठरवलं; एखाद्या प्रश्नापुरती हरकत घ्यायची तर रिटर्नमध्येच घ्यावी. फॉर्म १०४० वर, म्हणजे रिटर्नच्या फॉर्मवर, सरकारी मंजुरी क्रमांक नाही? आहे, वरच्या बाजूला छापलेला असतो. तुमच्या नावाने ट्रेझरीत गुप्त खातं आहे म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता व्यवहाराचं. हे युक्तिवाद आयआरएसकडे कुणी तपासायला घेत नाही. अशा दाव्यांची जाहीर यादी आहे, कागद त्या यादीतल्या दाव्याशी जुळला की ठरलेली पत्रं आणि ठरलेला दंड सुरू होतो.

डब्ल्यू-४ पासून सुरू करू. ‘एक्झेम्प्ट’ लिहायला दोन अटी आहेत आणि दोन्ही लागतात: गेल्या वर्षी तुमचं करदायित्व शून्य होतं, आणि यंदाही शून्य राहील अशी अपेक्षा आहे. दायित्व शून्य आणि परतावा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी. दोन पूर्ण पगारांच्या घरात पहिली अट सहसा बसतच नाही. फॉर्मवर सही खोट्या शपथेच्या शिक्षेच्या जबाबदारीवर असते. खोट्या डब्ल्यू-४ ला कलम ६६८२ खाली ५०० डॉलर दंड आणि कलम ७२०५ खाली १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ही सूट पुढच्या १५ फेब्रुवारीला आपोआप संपते. तिने सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के थांबतही नाहीत. आणि आयआरएसला विदहोल्डिंग (पगारातली करकपात) कमी वाटलं तर ती एम्प्लॉयरला ‘लॉक-इन’ पत्र धाडते. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांनी पेरोलवाले आयआरएसने सांगितलेल्या दरानेच कापायला लागतात. त्यानंतर कमी कापण्यासाठी दिलेला नवा डब्ल्यू-४ त्यांनी घ्यायचा नसतो. म्हणजे ही गोष्ट तुमच्या एचआरला आणि पेरोलला कळते.

पैशांचं उदाहरण घेऊ. समजा विदहोल्डिंग बंद केल्यामुळे १५ एप्रिलला २०,००० डॉलर देणं निघालं. रिटर्न वेळेवर भरलं, पण पैसे भरले नाहीत, तर दंड महिन्याला अर्धा टक्का: ५ महिन्यांत ५०० डॉलर. रिटर्नही भरलं नाही, तर महिन्याला ५ टक्के: ५ महिन्यांत ५,००० डॉलर. फक्त एक कागद न पाठवण्याचा फरक दहा पटींचा. तो न पाठवणं लबाडीने होतं असं ठरलं, तर कलम ६६५१ खालचा दर महिन्याला १५ टक्के होतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत चढतो, म्हणजे १५,००० डॉलर. रिटर्न भरलं पण त्यात शून्य पगार दाखवून वर युक्तिवाद जोडला, तर कलम ६७०२ खाली अशा प्रत्येक कागदाला ५,००० डॉलर दंड, कर किती निघतो याच्याशी संबंध नसलेला. २००६ च्या दुरुस्तीआधी तो ५०० होता. हेच मुद्दे घेऊन टॅक्स कोर्टात गेलात तर कोर्ट स्वतःहून २५,००० डॉलरांपर्यंत दंड लावू शकतं. या सगळ्यावर व्याज वेगळं, आणि ते रोज चक्रवाढ.

मग सहकाऱ्याला परतावा मिळाला कसा? बहुधा फॉर्म ४८५२ लावून. डब्ल्यू-२ हरवला किंवा चुकीचा आला तर त्याच्या जागी भरायचा हा साधा फॉर्म. त्यावर पगार शून्य आणि कापलेला कर मात्र खरा लिहायचा, म्हणजे सगळा कर ‘जास्त भरलेला’ दिसतो. परताव्याचं काम मोठ्या प्रमाणात यंत्रावर चालतं, त्यामुळे असे काही दावे सुरुवातीला निसटतात, आणि तोच चेक पुढे सभांमध्ये पुरावा म्हणून फिरतो. डब्ल्यू-२ ची एम्प्लॉयरकडची प्रत नंतर जुळवली की फरक उघडा पडतो. चुकून दिलेला परतावा परत मागायला सरकारला २ वर्षं मिळतात, लबाडी असेल तर ५. शिवाय जास्तीच्या दाव्यावर कलम ६६७६ खाली २० टक्के. ही पद्धत पसरवणाऱ्या पीटर हेंड्रिक्सनकडून सरकारने परतावा कोर्टातून परत मिळवला आणि नंतर त्याला खोट्या कागदांबद्दल ३३ महिन्यांची शिक्षा झाली.

रिटर्न भरलंच नाही तर? डब्ल्यू-२, १०९९ (बँक, ब्रोकर वगैरेंनी कळवलेलं उत्पन्न) हे सगळं आयआरएसकडे असतंच. कलम ६०२० खाली ते तुमच्या वतीने रिटर्न तयार करतात, आणि ते तुमच्या सोयीचं नसतं. विवाहिताला संयुक्त दर मिळत नाही, मुलांचं क्रेडिट नाही, घराच्या कर्जाचं व्याज नाही. आरएसयूचे (कंपनीने पगाराचा भाग म्हणून दिलेले) शेअर विकले असतील आणि ब्रोकरने खरेदी किंमत कळवली नसेल, तर विक्रीची पूर्ण रक्कमच नफा धरली जाऊ शकते. मग ९० दिवसांची नोटीस (नोटीस ऑफ डेफिशियन्सी), मग आकारणी, मग बोजा आणि जप्ती. बँकेवर जप्ती आली की पैसे २१ दिवस गोठतात. पगारावरची जप्ती देणं फिटेपर्यंत किंवा ती उठवेपर्यंत दर पगाराला चालू राहते. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: रिटर्न न भरलेल्या वर्षाला आकारणीची मुदत कधीच संपत नाही, पण तुमचा परतावा मात्र साधारण ३ वर्षांत बुडतो.

‘प्रामाणिक विश्वास असेल तर गुन्हा होत नाही’, हे शेवटचं अस्त्र. ते येतं १९९१ च्या चीक खटल्यातून. चीक हा अमेरिकन एअरलाइन्सचा वैमानिक. डब्ल्यू-४ वर त्याने एकेकाळी ६० सवलती मागितल्या होत्या (सवलती जितक्या जास्त, तितकी करकपात कमी). सुप्रीम कोर्ट म्हणालं की कायदा आपल्याला लागू नाही हा विश्वास खरोखर असेल, तर तो अवाजवी असला तरी ‘जाणूनबुजून’ हा घटक उरत नाही. पण कायदाच घटनाबाह्य आहे हा विश्वास बचाव ठरत नाही. कायदा वाचून तो घटनाबाह्य ठरवणाऱ्याने तो वाचलेला तर असतोच. खटला पुन्हा चालला, ज्युरीने चीकला दोषी ठरवलं, १ वर्ष १ दिवसाची शिक्षा झाली. दुसरं, हा बचाव फक्त फौजदारी आरोपापुरता. मेम्फिसमध्ये २००३ साली फेडएक्सच्या एका वैमानिक महिलेला ज्युरीने निर्दोष सोडलं, त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी तडजोडीत तिने कर आणि दंड मिळून ५ लाख डॉलरांहून जास्त देणं मान्य केलं.

इथवरचं सगळं अमेरिकी नागरिकालाही लागू आहे. तुमचं नुकसान त्यापुढे आहे, आणि व्हिडिओ करणाऱ्यांना त्याची जाणीवही नसते, कारण त्यांना कुणी देशाबाहेर काढू शकत नाही.

२०१२ च्या कावाशिमा खटल्यात कॅलिफोर्नियातलं जपानी जोडपं होतं, १९८४ पासूनचे ग्रीन कार्डधारक, रेस्टॉरंटचा धंदा. कंपनीचं एक खोटं रिटर्न, कलम ७२०६ खाली कबुली. सरकारचं नुकसान १०,००० डॉलरांहून जास्त असेल तर असा गुन्हा इमिग्रेशन कायद्यात ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ (गंभीर गुन्हा) ठरतो आणि हद्दपारी होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने ठरवलं. दोन चांगल्या पगारांच्या घरात १०,००० हा आकडा एका वर्षातच ओलांडला जातो.

त्याहून सोपा सापळा फॉर्म १०४०-एनआरचा, म्हणजे अनिवासींच्या रिटर्नचा. करविरोधी मंडळींचा एक गट सांगतो की आपण ‘युनायटेड स्टेट्स’चे निवासी नसून फक्त अमुक राज्याचे आहोत, म्हणून अनिवासी परदेशी म्हणून रिटर्न भरा. नागरिकाने तसं भरलं तर दंडावर भागेल. ग्रीन कार्डधारकाने कर चुकवायला स्वतःला अनिवासी म्हणवलं, तर नागरिकत्वाच्या नियमांत त्याने कायम वास्तव्य सोडलं असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढायची जबाबदारी त्याच्यावर येते. नागरिकत्वाच्या अर्जात, फॉर्म एन-४०० मध्ये, थेट प्रश्नच आहेत: थकीत कर आहे का, रिटर्नवर स्वतःला अनिवासी म्हटलं का किंवा अनिवासी समजून रिटर्न भरायचं टाळलं का. पुढे नागरिक झाल्यावर आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी आय-८६४ (आर्थिक हमीपत्र) भराल तेव्हाही ताजं रिटर्न जोडावं लागतं.

आधीच काही पाठवून बसला असाल, तर क्रम असा ठेवा. पहिल्यांदा नवीन डब्ल्यू-४ देऊन विदहोल्डिंग सुरू करा, आजच. आयआरएसच्या ऑनलाइन खात्यातून प्रत्येक वर्षाचं ‘वेज अँड इन्कम ट्रान्सक्रिप्ट’ आणि ‘अकाउंट ट्रान्सक्रिप्ट’ काढा. पहिल्यात त्यांच्याकडे काय आलंय ते दिसतं, दुसऱ्यात त्यांनी काय केलंय ते. ३१७६सी क्रमांकाचं पत्र (तुमचा युक्तिवाद निराधार आहे असं कळवणारं) आलं असेल तर ३० दिवसांत बरोबर रिटर्न पाठवलं की ५,००० चा दंड टळतो. ही खिडकी एकदाच उघडते. राहिलेल्या वर्षांपैकी सर्वसाधारणपणे शेवटच्या ६ वर्षांची रिटर्न्स मागितली जातात. पैसे नसले तरी रिटर्न भरा. देणं ५०,००० डॉलरांच्या आत असेल तर हप्ते ऑनलाइनच बांधून मिळतात. न्यू जर्सीचं राज्य रिटर्न विसरू नका, फेडरल दुरुस्तीची माहिती राज्याकडे जातेच. आणि मुद्दाम खोटं लिहिलं असेल तर सीपीए (परवानाधारक हिशोबनीस) किंवा आमच्यासारख्या एनरोल्ड एजंटकडे (आयआरएसमान्य करसल्लागाराकडे) आधी येऊ नका. आमच्याशी झालेल्या बोलण्याला फौजदारी प्रकरणात वकील-अशिलासारखं संरक्षण नाही. आधी टॅक्सचा फौजदारी वकील गाठा. हिशोबनीस लागला तर तो नेमेल.

‘मला रिटर्न लागू आहे का?’ हा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे, आणि त्याला कायदेशीर उत्तरं आहेत. २०२५ च्या वर्षासाठी ६५ खालच्या एकट्या माणसाचं ढोबळ उत्पन्न १५,७५० डॉलरांपेक्षा कमी, किंवा संयुक्त रिटर्नसाठी ३१,५०० पेक्षा कमी असेल तर सहसा रिटर्न लागत नाही. स्वतंत्र कामाचा निव्वळ नफा ४०० डॉलर झाला की लागतं. एफ-१ वर आलेला विद्यार्थी सहसा पहिली ५ कॅलेंडर वर्षं खरोखरच अनिवासी असतो, त्याला १०४०-एनआर योग्य आहे, आणि भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला त्यावर स्टँडर्ड डिडक्शनही मिळतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. उलट्या बाजूचा गैरसमज आपल्या लोकांत जास्त: एनआरई ठेवीचं व्याज किंवा पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथे दाखवायचं नाही. ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं; एनआरईचं व्याज इथे करपात्र आहे, आणि सगळ्या परदेशी खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरांवर गेली तर एफबारही (परदेशी खात्यांचा अहवाल) लागतो.

कराच्या घटनात्मकतेवर खरंखुरं भांडणही होतं, आणि त्याचं ताजं उदाहरण भारताशी जोडलेलं आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या मूर दांपत्याने बंगळुरूच्या किसानक्राफ्ट या शेती-अवजारांच्या कंपनीत सुमारे ४०,००० डॉलर गुंतवले. लाभांश कधीच हातात आला नाही, पण २०१७ च्या कायद्यातल्या एकवेळच्या करामुळे कंपनीच्या साठलेल्या नफ्यातल्या त्यांच्या वाट्यावर १४,७२९ डॉलर कर निघाला. न मिळालेलं उत्पन्न सोळाव्या दुरुस्तीतलं ‘उत्पन्न’ आहे का, हा त्यांचा प्रश्न सुप्रीम कोर्टाने गांभीर्याने ऐकला आणि जून २०२४ मध्ये ७ विरुद्ध २ ने कर वैध ठरवला. ते हरले, पण त्यांच्यावर खटला चालला नाही, कुणी त्यांच्या मुद्द्याला फालतू म्हटलं नाही. कारण त्यांनी कर आधी भरला आणि मग परताव्यासाठी दावा लावला, फ्लोराने सांगितलेल्या वाटेने.

तुम्हालाही आयआरएसच्या आकड्यावर हरकत असेल तर दोनच वाटा आहेत. पैसे भरायचे, दुरुस्त रिटर्न १०४०-एक्स किंवा परताव्याचा दावा मुदतीत करायचा, आणि नकार आला किंवा ६ महिने उत्तर आलं नाही तर डिस्ट्रिक्ट कोर्टात किंवा कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये जायचं. नाहीतर पैसे न भरता, नोटीस ऑफ डेफिशियन्सीच्या तारखेपासून ९० दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज करायचा. फी ६० डॉलर, आणि वादाची रक्कम वर्षाला ५०,००० डॉलरांच्या आत असेल तर सोपी ‘स्मॉल केस’ पद्धत घेता येते. नोटीस परदेशातल्या पत्त्यावर गेली असेल तर मुदत १५० दिवस. घर बदललं असेल तर फॉर्म ८८२२ आधी भरा, कारण नोटीस आयआरएसकडे नोंदलेल्या शेवटच्या पत्त्यावर रवाना झाली की दिवस मोजायला सुरुवात होते, मग ती तुमच्या हातात पडो वा न पडो.